चार बोटं

भिंत थोरल्याच्या वाटणीला गेली,
भिंतीलगतची आठ फूट जागा माझ्या.
सिटी सर्व्हेच्या नकाशात दोन्हींमध्ये एक रेघ आहे,
टाचणीनं ओढावी तशी.

म्हणून केरबा सुतारांना आधी हेच सांगितलं :
भिंतीत खिळा नाही. बोल्ट नाही.
टेकायचंसुद्धा नाही.
त्यांनी कानावरची पेन्सिल काढली.
"मग ह्यो ओटा उभा कशावर ऱ्हाणार?"
"स्वतःवर."
"बघू या की," म्हणाले, आणि भिंतीपासून
चार बोटं सोडून सुतळी ताणली.

खड्डे घेतले नाहीत. पंचगंगा इथून दोन गल्ल्यांवर;
खणलं की पाणी वर येतं, पाण्याबरोबर जुनं काहीबाही.
उद्यमनगरात तीस वर्षं बिडाच्या भट्टीपुढं काढली,
पंपाची फेल गेलेली नऊ बुडं
शेठनी भंगाराच्या भावात दिली.
एकात वाळूचा फोड, एकाला चीर.
मीच ओतलेली असतील त्यातली काही.
नऊ चुका तीन ओळींत मांडल्या
आणि त्यांच्यावर ऐनाचे वासे टाकले.

फळ्या वडणग्याच्या एका मोडलेल्या गुऱ्हाळातल्या.
रंधा फिरला तसा गूळ दरवळला,
दुपारपर्यंत मुंग्यांना पत्ता लागला.
शालन म्हणाली, वास्तुशांतीआधीच पंगत बसली.

उंची वीतभर.
तिचं ऑपरेशन झाल्यापासून आमच्याकडं
सगळं गुडघ्याच्या हिशेबानं मोजतात.

तिसऱ्या दिवशी केरबांची पाणसळ पडली, फुटली.
परातीत पाणी घेऊन बघत बसलो.
पाणी सारखं थोरल्याच्या बाजूला कलायचं.

तेव्हा खिडकी उघडली.
सात वर्षांत माझ्या देखत ती उघडली नव्हती.
गजांतून एक हात आला, हातात पितळी पाणसळ,
बाबांची.
वाटणीच्या यादीत कढया होत्या, पाट होते,
एक बंद पडलेलं घड्याळसुद्धा होतं.
ही लिहायची कुणालाच आठवण झाली नव्हती.
"परत दे," एवढंच.

एका बुडाखाली पत्र्याची चकती सारली
तेव्हा बुडबुडा दोन रेघांमध्ये येऊन थांबला.
पाणसळ पुसून गजांतून दिली.
हात तिथंच होता.

आता त्या फटीत पडलेलं असतं :
शालनचा एक चमचा, वहिनीच्या खिडकीतून उडालेली लसणाची सालं,
केरबांची पेन्सिल.
ते कुणाच्याच सात-बाऱ्यावर नाही.
पाल मात्र दिवसातून दहादा ये-जा करते.

पैसे मोजून घेताना केरबा भिंतीकडं बघत राहिले.
एकोणीसच्या पुराची रेघ माझ्या डोक्याच्या वर हातभर.
"पाणी आलं तर तरंगंल की वं हे. जाईल शिरोळला."
"दोरखंड लावू."
"आणि बांधणार कशाला?"

मी फळीवरची मुंगी बघत बसलो.

खिडकीच्या आतून, भांडी लावता लावता आवाज आला :
"चंद्रीची कडी हाय की भिंतीत अजून."

चंद्री म्हैस मेली तेव्हा आमचा एकच चहा होत होता.

दोरखंड आणून ठेवलाय.
कडी हातानं ओढून बघितली. गंजलीय, पण हलत नाही.
अजून बांधलेला नाही.
पावसाला दीड महिना आहे.