शेरा

चर्चच्या मोठ्या घंटेखाली शाळेची घंटा आहे,
रुळाचा तुकडा, तारेनं टांगलेला.
ब्रह्मपुरीचा उतार उतरून सव्वादहाला पोचलो.
बॅगेत चौदा पानी प्रपत्र, शिक्का, स्टॅम्पपॅड
आणि गुडघ्याला चोळायचं मलम.
विस्तार अधिकारी, शिक्षण. अजून आठ महिने.

प्रार्थना चालू होती.
मुल्लांचा अरमान डोळे गच्च मिटून,
वडरांची सुगंधा एक डोळा उघडा ठेवून
माझ्या बुटांकडे बघत.

मुतारी: मुलींची वेगळी, होय.
पाण्याची टाकी: आहे, झाकणासह.
रॅम्प: आहे. त्यावर मावशींनी मिरच्या वाळत घातल्यात,
पण मिरच्यांबद्दल प्रपत्र काही विचारत नाही.
खिचडी चाखली. मीठ बेताचं.
इथवर बरोबरच्या खुणा आपोआप पडत गेल्या.

चौथीचा वर्ग. पट एकोणीस, हजर सतरा,
दोघं आई-बापांबरोबर बावड्याच्या गुऱ्हाळावर.
फळ्यावर लिहिलं: ८९ ÷ ७.
पाच जणांनी सोडवलं,
तिघांनी शेजाऱ्याचं सोडवलं,
बाकीच्यांनी पाट्यांवर हात झाकून धरले,
थंडीत चुलीवर धरतात तसे.
सुगंधाला उतारा दिला. ‘वळचण’पाशी ती थांबली
आणि तिच्याबरोबर सगळा वर्ग थांबला.
मग तिनंच विचारलं,
“सर, बाकी उरली तर चुकलं काय ओ?”
मी म्हटलं, बस खाली.

ऑफिसात चहा आला, बशीत नानकटाई.
पेनाचं टोपण काढलं. हाताला सवय असते,
शेऱ्याच्या चौकटीत ‘अ’ उतरायला लागला होता,
पोट झालं होतं, काना राहिला होता.

“साहेब, खरं ते लिहा.”
समुद्रे बाईंनी टेबलावर वही ठेवली, खाकी कव्हरची.
एका पोराला एक पान.
सुगंधा: ल-ळ चुकतो. हातचा विसरते.
दगड किती फुटाचा, नजरेनं सांगते.
अरमान: घडाघडा वाचतो. अर्थ विचारला की छताकडे बघतो.
जोएल: वडील गेल्यापासून बोलत नाही. लिहितो.
सतरा पानांवर बाईंचं गिचमिड अक्षर,
दोन पानांवर फक्त तारखा,
गैरहजेरीच्या.

“सहा वर्षांपूर्वी एक साहेब आले, ‘अ’ देऊन गेले.
पाळकांनी पेढे वाटले. संस्थेनं गेटवर बोर्ड लावला.
मी आणखी एक शिक्षक मागायला गेले, तर म्हणाले,
बाई, ‘अ’ आहे की तुम्हाला. कशाला?
ती पोरं आता दहावीत असायची.
चौघं आहेत.
एक उद्यमनगरात भट्टीवर असतो,
पगाराचं पाकीट माझ्याकडनं मोजून घेतो.”

साहेब कोण, ते बाईंनी सांगितलं नाही.
भिंतीवर फ्रेम होती, काचेवर माशीची घाण.
खालची सही ओळखीची.
शेवटच्या अक्षराची शेपटी मी अजून तशीच ओढतो,
उजवीकडे, थेट शिक्क्यात.

बाहेर कुणीतरी पाढे म्हणत होतं,
सतराच्या पाढ्यात अडखळत होतं,
परत सतरा एके सतरापासून सुरू करत होतं.
मी अर्धवट ‘अ’वर आडवी रेघ मारली,
आणि पहिल्यांदा त्या रेघेखाली सही केली.
शेजारी ‘क’ लिहिला.
शेऱ्याला दोन ओळी असतात. मी पान उलटलं,
कोऱ्या बाजूवर बाईंच्या वहीतलं उतरवत गेलो,
नावागणिक, ल-ळ सकट.
चहावर साय धरली.
बाईंनी सगळं वाचलं, एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं,
आणि बशी पुढे सरकवली. “आता घ्या.”

उद्या फोन येतील. संस्थेचा, मग आमच्या साहेबांचा.

गेटपाशी सुगंधा आडवी आली.
“सांगितलं न्हाईसा तुम्ही.”
काय गं?
“बाकीचं.”
नाही चुकत, म्हटलं. ती शेजारी लिहायची.
“किती बी असली तरी?”
साताच्या आत असली तर.
तिनं बोटांवर काहीतरी मोजलं,
मान हलवली, पटलं असं नाही,
आणि मिरच्या चुकवत रॅम्पवरून पळाली.