अर्धं मीठ

इंदूरच्या छावणीत, शेवेच्या कारखान्यात
एकतीस वर्षं चव बघणारे यादवराव झोकरकर
आज रामबागेत, माझ्या खुर्चीत. पाय ताठ.
"सुई नको हो. तशीच कोरून टाका ना दाढ.
जिभेवर घर चालतं माझं."

ओठ सुन्न होईल, सांगते, अर्धी जीभही.
"परत येते ना चव?"
येते. रात्रीपर्यंत.
क्वचित कुणाला दिवस लागतात, आठवडेही.
माझ्या हातून अजून तसं झालेलं नाही,
पण शपथ घेणार नाही.
ते छताकडे बघतात. बराच वेळ.
मग म्हणतात, "शपथ घेतली असती
तर उठूनच गेलो असतो."

आता माझे प्रश्न.
हृदयाचं काही? रक्त पातळ करायची गोळी? साखर?
सकाळी काय खाल्लंत?
पोहे. वर जीरावन.
पूर्वी कधी सुईनं गरगरलं, अंगावर गांधी उठल्या?
"उज्जैनला एकदा. चक्कर आली. एकादशी होती."
मी 'उपाशी' लिहिते, खाली रेघ ओढते.
वजन? "अडुसष्ट."
काट्यावर एकसष्ट भरतात.
रोज मणामणानं बेसन तोलणारा माणूस
स्वतःला सात किलोंनी चुकतो.
ती सात किलो मी औषधाच्या हिशेबातून वजा करते.

रुखसार कुपी उजेडात धरते,
नाव, तारीख मोठ्यानं वाचते.
मग मी वाचते, तीच कुपी, तितक्याच मोठ्यानं.
पूर्वी असं नव्हतं.

पूर्वी बियाबानीतला एक सहा वर्षांचा वेदांग होता.
सुई छान बसली, दुधाचा दात निघाला,
बाहेर नऊ जण ताटकळत होते,
आणि त्याच्या आईला सांगायचं ते राहून गेलं.
दुपारभर तो आपलाच सुन्न ओठ चघळत बसला,
गंमत वाटली त्याला.
सकाळी दारात उभा, ओठ फाटून सुजलेला.
तो रडत नव्हता. आई रडत होती.
तेव्हापासून घाईत होणारं सगळं
आम्ही मोठ्यानं करतो.

हिरडीला मलम. घड्याळ.
गाल ताणून धरते, सुई आत जाते,
पण बुडख्यापर्यंत नाही, कधीच नाही,
मोडलीच तर धरायला काही बाहेर हवं.
आणि दट्ट्या ढकलण्याआधी
मागे ओढते.

तांबडा धागा.
नळीत अलगद सुटलेला, पाण्यात कुंकू सुटावं तसा.

बाहेर येते.
"झालं?"
नाही. चुकीच्या दारात शिरले होते.
नवी सुई, नवी कुपी, रुखसारचा आवाज, माझा आवाज.
पुन्हा आत, पुन्हा मागे.
या वेळी काही नाही.

आता हळू.
खालच्या दुकानात कचोरीचा एक घाणा उतरतो,
दुसरा पडतो, तडतड शांत होत जाते,
तरी माझा अंगठा अजून वाटेतच.
डोळे सुईवर नाहीत, त्यांच्या चेहऱ्यावर आहेत,
ओठांचा रंग, पापण्या, कपाळावरचा घाम.
कानात काही वाजतंय? तोंडात लोखंडाची चव?
चवीचं नाव निघताच डोळे विस्फारतात.
आठवून बघतात, खरोखर,
पारख करणाऱ्याच्या सवयीनं,
मग बोट हलवतात: नाही.

दहा मिनिटांनी ओठावर टोकरते.
"मालपुवा झालाय," म्हणतात, एका बाजूनं हसत.

उठताना सांगते, मग लिहूनही देते,
सुन्नपणा उतरेपर्यंत चहा नाही,
दातांनी ओठ चाचपून बघायचा नाही.
"आणि शेव?"
तीही नाही. भान आल्यावर. गार. दुसऱ्या बाजूनं.

पावणेआठला फोन.
मागे झाऱ्याचा खणखणाट, कुणीतरी कुणाला हाक मारतंय.
"ओवा कळला, डॉक्टरीणबाई.
मीठ अजून अर्धंच आहे."
मी विचारते, गार होती ना?
तिकडे झारा वाजत राहतो.