तेवीस पूर्णांक चार

आमच्या बॅचला धड ब्युरेट एकच होती,
बाकीच्यांचे कॉक गळायचे.
ती कायम हेमलता गावितच्या स्टँडला.
पेठ रोडच्या वसतिगृहातून चालत
ती पावणेआठलाच पोचायची,
आणि मी कॉलेजच्या समोर राहून
सव्वाआठला.

"थेंब सोडताना बोलू नको,"
नाव-गाव काही न विचारता
हे तिचं पहिलं वाक्य.
मी बोलत होते.
फ्लास्क भस्सकन राणी रंगाचा झाला.
सरांना हवा होता फिका,
आहे की नाही, असं वाटण्याइतका.

मी शेजारच्या जर्नलमध्ये डोकावले. २३.८.
तेच उतरवलं तीनदा,
एकदा मुद्दाम २३.७,
खरं वाटावं म्हणून.
सगळ्या वर्गाचं २३.८,
हेमलताचं २३.४.
सर म्हणाले, पुन्हा कर.
तिने पुन्हा केलं.
२३.४.
"मला दिसलं ते लिवलं, सर."
दहातले चार मिळाले तिला.
मला नऊ.

कोण बरोबर होतं ते कळलंच नाही.
बाटली संपली, नवी आली.

मागच्या बाकावर वाल्मीक बोडके झोपायचा,
सातपूरला नटबोल्टच्या कंपनीत रात्रपाळी करून.
एकदा आम्ही त्याच्या बुटांच्या नाड्या
एकमेकींना बांधल्या.
उठला, पडता पडता वाचला,
खाली बसून निवांत गाठ सोडवली.
बोटांच्या पेरांत काळं ऑइल.
म्हणाला, "गाठ पक्की मारता राव.
कंपनीत या, माणसं कमी आहेत."
चिडला असता
तर मी विसरूनही गेले असते.

आता अंबडला मी क्वालिटीत आहे.
मशीन आपोआप आकडा देतं,
दशांशाच्या पुढे चार घरं.
महिनाअखेरीला कुणीतरी दारातून डोकावतं,
"मॅडम, तेवढं जरा जमवून घ्या ना."
खोटं कशाला सांगू,
दोनदा जमवून घेतलंय.
तिसऱ्या वेळी पेन उचललं,
खाली ठेवलं,
आणि उत्तरच दिलं नाही.

तो बराच वेळ उभा होता.
नळाला थेंब धरलेला,
पडत नव्हता.
हेमलता बाऱ्ह्याकडे कुठल्याशा शाळेवर आहे म्हणे.
तिच्याशी पुढे कधी बोलले नाही.
तेव्हाही
फार बोलले नव्हतेच.