खुर्चीखालून

बसमधून उतरताच नाकात शिरला
उकडलेल्या अंड्यांचा वास.
"अजून सुटतोय वायू," बाबा म्हणाले खूश होऊन,
एखाद्या जुन्या भांडकुदळ शेजाऱ्याबद्दल बोलावं तसे.
तैपेई खाली राहिलं होतं, धुक्यात.
वर आम्ही : मी, बाबा, त्यांची काठी
आणि पिवळ्या टोप्यांतली चौदा शाळकरी मुलं.

लाल खांब. हिरवी कौलं. वळचणीच्या कोपऱ्यावर
एकामागे एक बसलेले मातीचे प्राणी,
सगळ्यांत पुढच्याच्या पुढे नुसती हवा.
"राजवाड्याच्या धर्तीवर बांधलंय, तुळयांवरची नक्षी बघा,"
को बाई सांगत होत्या, गळ्यात शिट्टी.
बाबा माझ्या कानाशी : "सिमेंट आहे गं.
वरून लाकूड रंगवलंय."

तेहेतीस वर्षं ते इथे वायरी बदलत होते.
खालून गंधक, त्यामुळे तांबं काळं, दाराच्या मुठी काळ्या.
चांदीचं पदक लावून आलेला सदस्य
अधिवेशन संपता संपता शिसं मिरवत परतायचा.
जमिनीतली वाफ कुणाची भीडभाड ठेवत नसे.

सभागृहात गारवा. मखमल. ओळीवर ओळ खुर्च्या.
"इथे बसायचे देशभरातले प्रतिनिधी."
"कुठल्या देशातले?" एका पिवळ्या टोपीने विचारलं.
को बाईंनी शिट्टी चाचपली.
"समुद्रापलीकडच्या प्रांतांतले. निवडून आले होते. फार पूर्वी."
"मग परत निवडणूक?"
"प्रांतच हातात नव्हते, बाळा."

म्हणून ते बसून राहिले. चाळीस वर्षं आणि वर काही.
बाबांना त्यांचे चेहरे फारसे ठाऊक नाहीत,
ते खालून ओळखायचे.
हा सिचुआनचा, टाचा आतून झिजलेल्या.
हा शांतुंगचा, लेस कायम सुटलेली,
एकदा मीच बांधली, वर ठराव मंजूर होत असताना.
हा हेबेईचा : आधी चामडी बूट, मग कापडी,
मग सपाता, मग चाकं,
मग चाकांशेजारी सलाइनच्या स्टँडचे पाय.
मग काहीच नाही.
वायर मात्र बदलायची. यादीत नंबर होता.

मला तो मार्च आठवला. मी एकोणीस वर्षांची,
खाली चौकात, ओल्या सतरंजीवर, घसा बसेपर्यंत ओरडणारी :
म्हाताऱ्यांना घरी पाठवा!
आणि त्याच आठवड्यात बाबा रोज सकाळी
डबा घेऊन डोंगर चढत होते,
त्यांचेच आवाज चालू ठेवायला.
आम्ही त्यावर बोललो नाही. मी त्यांना भात वाढला,
त्यांनी माशातला पोटाचा तुकडा माझ्या वाडग्यात टाकला.

आज विचारलं. राग नाही आला कधी?
ते बराच वेळ खुर्च्या मोजत राहिले.
"हेबेईवाल्याने मला विचारलं होतं, खाली काय ओरडतायत पोरं.
मी सांगितलं.
म्हणाला, मीही तेच मागतोय, चाळीस वर्षं."
"मग?"
"मग काय. हात वर केला. मत दिलं.
स्वतःची मुदत वाढवून घेतली."

मुलं पुढच्या दालनाकडे निघाली तसे बाबा
दोरीखालून आत शिरले, गुडघ्यांवर बसले,
ब्याऐंशीव्या वर्षी, सवयीनं,
आणि बाकाच्या पोटाखाली हात घातला.
"काका, हात लावू नका!"
"लावत नाही. तपासतोय."
चिकटपट्टी होती अजून, त्यांनीच गुंडाळलेली.

एक पिवळी टोपी मागे रेंगाळली होती.
"चालतो का हा माइक?"
"बोलून बघ."
तिला काही सुचेना. मग सरळ उभी राहून म्हणाली,
"मी शे यू-रोंग. चौथीचा तिसरा वर्ग."
वीज नव्हती. तरी तिने वळून पाहिलं
पार मागच्या भिंतीपर्यंत,
आणि बाबा, बोट काळं झालेलं,
अजून बाकाखालीच, कान लावून.