ताइस्तोचं बटण

राउमाच्या गोदीत, दुसऱ्या मजल्यावर,
ताइस्तो किवेला निवृत्त झाला
आणि त्याचा संगणक माझ्याकडे आला.
ड्रॉइंग उघडलं तर
परक्या स्वयंपाकघरात शिरल्यासारखं झालं,
मीठ कुठे, सुरी कुठे, हाताला काही लागेना.

माणूस डावखुरा.
रेघ, वर्तुळ, छाट, सांधा
सगळं डाव्या काठाला उभं टांगलेलं,
मापं टाकायचं हत्यार मात्र खाली, एकटं,
रुसलेल्या पाहुण्यासारखं.
"मूळ मांडणीवर आण की," औती म्हणाली,
"दोन क्लिकचं काम."

मी नाही आणलं. आठवडाभर
एकेक बटण ओढत राहिले
माझ्या हाताच्या वळणावर.
शेवटी एक उरलं. त्याला नाव नव्हतं.
सोळा बाय सोळा ठिपक्यांत
हाताने भरलेला एक हातमोजा,
अंगठा जरा जाड.

दाबलं.
जहाज गेलं.
पत्रे, पाइप, इंजिन, केबिनी, एकामागून एक थर विझले,
काळ्या पडद्यावर उरले फक्त कठडे:
जिन्यांचे, डेकचे, शिडीच्या तोंडाशी वळलेले,
पिवळ्या रेघांत तरंगणारे
आणि मध्ये कुठेच जहाज नाही.
माणसं जिथे जिथे हात टाकतील
तेवढंच.

सातव्या डेकवर, मागच्या बाजूला,
रेघ हातभर तुटलेली होती.
ते ड्रॉइंग त्याचं नव्हतं.
माझं होतं, कालचं.

जोडली.
बाहेर तीन वाजताच अंधारलेलं,
क्रेनवरचे दिवे लागलेले.
हातमोजा आता माझ्या पट्टीत आहे, उजवीकडे.
बाकी सगळं बदललं,
अंगठा तेवढा ठेवलाय
डाव्या हाताचा.