अस्सल बरहुकूम

बाबांचे टाके मोठे.
ताडपत्री शिवणाऱ्या माणसाचे टाके.
तीस वर्षं मांडवीवर, बार्जवर खलाशी,
लाल माल झाकायची ताडपत्री फाटली
की जागच्या जागी शिवायची, वारा थांबेपर्यंत थांबायचं नाही,
एवढंच शिक्षण.
खाणी बंद झाल्या, बार्ज चिखलात रुतून गंजली,
सुई तेवढी घरी आली:
बोटाएवढी लांब, टोकाला तीन धारा.

आई गेली त्याच्या दुसऱ्या महिन्यात
शनिवारी आमोण्याला पोचले, तर सोप्यावर
तिच्या साड्या पसरलेल्या, चौकोन कापलेले, काही वाकडे.
मी ओरडणारच होते.
"वाकळ शिंवतां गो," म्हणाले
वर न बघता.

मी पणजीला नोंदणी कार्यालयात आहे.
दिवसाला साठ-सत्तर कागदांवर
'अस्सल बरहुकूम नक्कल' असा शिक्का मारते,
आधी ओळ ओळ ताडून.
सवय जात नाही.

"ही तुझ्या बारशाची."
नाही. बारशाची हिरवी होती,
ती आईने कधीच देऊन टाकली भांडीवालीला, दोन पातेल्यांवर.
ही नायलॉनची, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली,
माझ्या पहिल्या पगाराची.
तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, बाबा.
हे मी म्हणाले नाही. दोरा ओवून दिला.

"ही नेसून ती बार्जवर आली होती.
ओकली. मग हसत बसली, मुरगावपर्यंत."
आई? बार्जवर?
फेरीबोटीत डोळे मिटून बसायची ती,
दिवाडीच्या देवदर्शनाला जाताना माझा दंड धरून,
नखं उमटायची.

शेजारच्या एस्मेराल्डाबाई क्रोशाची सुई घेऊन येतात संध्याकाळच्या,
वाकळीला कड विणायला. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.
त्यांना हळूच विचारलं.
"मला पण म्हणालेली, पाण्यावर कधी गेले नाही म्हणून."
दोन साखळ्या घातल्या, एक उसवली.
"पण सांगताना हसत होती, बाय."

म्हणजे माझ्या जन्माआधी कधीतरी
एक बाई नदीवर होती
आणि मला तिची नक्कलही मिळाली नाही.
किंवा नव्हती.
दप्तरात कुठेच नोंद नाही. फक्त हा जांभळा तुकडा,
चारही बाजूंनी घट्ट,
उसवायचा म्हटला तरी कापडच फाटेल.

बांबोळीच्या इस्पितळातली पांढरी, निळ्या काठाची,
ती कुठे दिसेना.
"ती घातली नाही?"
बाबांनी दातांनी दोरा तोडला.
रात्री वाकळीवर हात फिरवताना लागली मला ती,
आतल्या थरात, मधोमध,
इतर जागेपेक्षा जाड.
दोनदा घडी घातलेली.

रविवारी दुपारी एक तुकडा उरला.
पिवळा, काळे ठिपके.
बाबांनी तो उजेडाकडे धरला, उलटा केला,
वास घेतला.
"ही कुठली गो?"

मला आठवेना.
खरंच आठवेना. फोटोत नाही, लग्नाकार्यात नाही,
दोरीवर वाळताना पाहिल्याचंही नाही.
एस्मेराल्डाबाईंनी विणणं थांबवलं.
बाबा माझ्याकडे बघत होते,
आणि सुई अशी धरलेली,
कुठे टोचायची ते हरवल्यासारखी.

"तुम्हीच आणलेली," मी म्हणाले. "मुरगावहून.
वर्तमानपत्रात गुंडाळून. रंग आवडला नव्हता तिला,
दोन दिवस बोलली नाही.
मग चवथीला हीच नेसली."

"हय," बाबा म्हणाले लगेच. "हय, हय.
गुरुवार होता."

आणि मोठा टाका घातला.