वाढली

आमच्यात बांगडी फुटत नाही.
वाढते.
सासूनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं,
गिऱ्हाइकाच्या मनगटावर पिचली, रक्त निघालं,
तरी म्हणायचं : वाढली बाई.

पोळ्याआधीच्या दारव्ह्याच्या बाजारात
माझ्या हातून अकरा वाढल्या.
डाव्या बोटांना काच लागतच नव्हती,
म्हणजे लागत होती, पण लांब कुठंतरी,
शेजारच्या घरात भांडी पडावीत तशी.
आणि मान खाली घातली की पाठीतून करंट,
थेट टाचेपर्यंत.

पहिला म्हणाला, गॅस.
दुसऱ्यानं अशक्तपणा ठरवून दहा लाल इंजेक्शनं दिली.
तिसरा म्हणाला, या वयात बायकांचं असतंच असं,
आणि हे तो माझ्याशी नाही, सुदामशी बोलला.
चौथ्यानं विचारलं, घरी काही टेन्शन?
मी म्हटलं, कोनाच्या घरी नाही?
त्याच्या गोळीनं मी तीन बाजार झोपून काढले.

नणंदेनं एका बाबाकडं नेलं.
खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.
सगळ्यांत तो एकटाच म्हणाला होता :
आहे. काहीतरी आहे.

मग यवतमाळ. मशीन बंद, मशीन चालू, ऑपरेटर रजेवर.
नंबर लागला तेव्हा बाई म्हणाली, बांगड्या काढा.
काच आहे मॅडम, काचेले काय होते?
नियम आहे.
एकीकडून दुसरीकडं हात भरत फिरणारी मी
भुंड्या हातांनी त्या नळकांड्यात शिरले.
आत ठोक ठोक ठोक,
सासरा तांब्याचे हंडे ठोकायचा, तसंच.
रिपोर्ट आला, नॉर्मल.
फोटो कमरेचा काढला होता.
माझी कंबर चांगली आहे.
फायलीत लेखी आहे.

सेवाग्रामला एक पोरगी भेटली, डॉक्टर,
मयूरीपेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठी,
रात्रभर जागी असावी, बटणं चुकीची लावलेली.
तिनं माझी मान हलकेच वाकवली
आणि विचारलं, पाठीतून काही गेलं?
मला रडू आलं.
तिला वाटलं, दुखलं.

मग खिशातून बाटलीचं लाल झाकण काढलं.
हा डोळा झाका. आता हा.
दोन्हीकडून सारखंच लाल?

तीस वर्षं मी लाल निवडतेय, बाई.
राणी, गाजरी, कुंकू, वांगी,
नवरीच्या मावशीला नको असलेला आणि नवरीला हवा असलेला.
उजव्यानं डाळिंबी, मी म्हटलं.
डाव्यानं... डाव्यानं गेरू.
पावसानं धुतलेल्या भिंतीवरला.

तिचा पेन थांबला.
मोठ्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी पुन्हा झाकण धरलं.
हा डोळा कधी दुखला होता?
मागच्या चैतात. पंधरा दिवस. उन्हानं असन म्हनलं.
मग आधी कोणाला सांगितलं नाही?
डोया कोनं विचारलाच नाही, साहेब.
मी हात घेऊन आल्ती.

आता मानेचा फोटो, डोक्याचा फोटो,
पाठीतलं पाणी काढायचं आहे,
तारीख संक्रांतीनंतरची.
नाव असन ना याले?
असावं, ती म्हणाली. पण आज नाही सांगत.
एवढ्यावर मी परत निघाले,
आणि खरं म्हणजे भूकही लागली होती,
स्टँडवर दोन प्लेट आलूबोंडे खाल्ले.
एसटी आली. एक डोळा झाकून पाहिली,
मग दुसरा.
सुदाम म्हणाला, लोक पाहून राह्यले.
पाहू दे.

अंकुशनं रात्री फाईल वाचली.
सगळं इंग्रजी, त्याला अर्धंच कळलं.
मधेच अडखळला :
मामी, इथं 'डाळिंबी' लिहिलंय.

पुढल्या खेपेला विचारतील, आजार वाढला का?
मी जरा थांबेन.
आमच्यात तो शब्द जपून वापरतात.